जगातील घटना आणि आपले नागरिक-शिक्षण
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



विषय ऐकून कुणी म्हणेल, जगात काय घडते त्याचे आम्हा बुलढाणा जिल्ह्यातल्या कष्टकऱ्यांना काय देणे-घेणे? कापसाचा भाव, पोरांची फी, नळाचे पाणी, यातच दिवस मावळतो. खरे आहे. पण जगातल्या घटनांनीच माणसाला नागरिकत्वाचे धडे दिले आहेत.

जर्मनीचेच घ्या ना. १९१९ साली तिथे लोकशाही घटना आली, स्त्री-पुरुष सर्वांना मत मिळाले. तरी १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि ती घटना नुसती कागदावर उरली. तिची राखण करणारे नागरिक पुरेसे नव्हते. महायुद्धात देशाची राखरांगोळी झाली, तेव्हा कुठे १९५२ साली पश्चिम जर्मनीने लोकांना राजकीय शिक्षण देणारी सरकारी संस्था काढली. शहाणपण आले, पण कोट्यवधी जीव गेल्यावर!

बाबासाहेबांनी आपल्याला वेळीच सावध केले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी बजावले की, घटना चांगली असूनही राबवणारे वाईट निघाले तर ती वाईटच ठरेल. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. त्याच भाषणात त्यांनी आठवण दिली की ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सारे भिक्खू संघाला ठाऊक होते. म्हणजे लोकशाही आपल्याला परकी नाही.

पुढे २२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्याच्या भाषणात त्यांनी दक्षिण आफ्रिकेचा दाखला दिला. तिथे भारतीयांवरील अन्यायाविरुद्ध काही गोरेही उभे राहत होते. अन्याय दुसऱ्यावर झाला तरी आपण उठायचे, यालाच त्यांनी लोकशाहीची सदसद्विवेकबुद्धी म्हटले. त्याच देशात १९९४ साली काळ्या माणसाने पहिल्यांदा सर्वांच्या बरोबरीने मत टाकले.

आता आपल्या वस्तीकडे पाहू. २०१५ पासून देशभर २६ नोव्हेंबरला संविधान दिन होतो. आपली पोरे उद्देशिका घडाघडा म्हणतात, ऊर भरून येतो. पण ग्रामसभेत किती जण तोंड उघडतात? २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतीत बायांना निम्म्या जागा आहेत. तरी कुठे कुठे सही बाईची अन् कारभार नवऱ्याचा! निवडणुकीच्या आदल्या रात्री पाकीट आले, तर ते परत करणारी घरे किती? पाकीट एका रात्रीत संपते, पण पाच वर्षे तोंड बंद राहते.

म्हणून आम्ही सुचवतो : दर रविवारी वंदनेनंतर अर्धा तास द्यावा. वर्तमानपत्रातली जगाची एक बातमी आणि संविधानातले एक कलम पोरांनी वाचावे, मोठ्यांनी प्रश्न विचारावेत. आया-बहिणी पुढे बसाव्यात. याला पैसा लागत नाही.

विहार ही नुसती वंदनेची जागा नाही, ती शिकण्याचीही जागा आहे. जगाने रक्त सांडून जे शिकले, ते आपण इथे सतरंजीवर बसून शिकू या.

नमो बुद्धाय! जयभीम! जय भारत!