दोष बाईच्या आवाजात नव्हता

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



समोर टेबलावर मिक्सर ठेवला आहे. त्यावरची बटणे पाहून काहीजणी मघाशी म्हणाल्या, "हे आपलं काम नव्हे." वीस वर्षांपूर्वी मीही तेच म्हणत होते.

तेव्हा एका तालुक्याच्या गावी रेशनच्या प्रश्नावर जनसुनावणी होती. बाई बोलायला उभी राहिली की माईक शिट्टी मारायचा. पुरुष बोलले की गप्प. साउंडवाला म्हणाला, "बाईंचा आवाज पातळ आहे, मशीन तरी काय करणार?" आणि आम्ही, रोज पुरुषसत्तेवर बोलणाऱ्या बाया, ते निमूट मानून मोकळ्या झालो! दोन कोस चालत आलेली एक आजी अर्ध्यावर गप्प होऊन खाली बसली. तिचे म्हणणे नोंदले गेलेच नाही.

पुढे मी हे काम शिकले तेव्हा उलगडा झाला. आपल्या बाया माईकपासून हातभर लांब उभ्या राहतात, दबून बोलतात. तसेच त्यांना शिकवलेले असते. मग साउंडवाला 'गेन' चढवतो. माईकमधून येणारा बारीकसा विद्युत संदेश मिक्सरमध्ये शिरतानाच किती वाढवायचा, ते गेनचे बटण ठरवते. खालची सरकती पट्टी म्हणजे 'फेडर'. आत आलेल्या आवाजातला किती पुढे सोडायचा ते त्याच्या हाती. गेनलाच आवाज फाटला असेल तर फेडर कितीही खाली ओढा, आवाज लहान होईल, पण फाटकाच राहील.

गेन फार चढवला की माईक स्पीकरचा आवाजही ओढून घेतो. तो पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडतो, पुन्हा माईकमध्ये शिरतो. या चक्राला 'फीडबॅक' म्हणतात. शिट्टी ती हीच. ती थांबवायला बाईचा आवाज बदलावा लागत नाही. माईक तोंडाजवळ आणा. अंतर निम्मे केले की माईकला मिळणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, मग गेन उतरवता येतो. स्पीकर बोलणारीच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवा. माईकच्या जाळीवर मूठ आवळू नका, त्याने शिट्टी वाढते. त्या दिवशी 'गेन' हा एक शब्द आमच्यापैकी एकीला जरी ठाऊक असता, तरी ती म्हणाली असती, "भाऊ, गेन कमी करा, आजींना मी जवळ उभी करते."

या धंद्यातल्या शब्दांचे आणखी एक सांगते. वायरच्या एका टोकाला पिना असतात, दुसऱ्याला भोके. त्यांना सर्रास मेल आणि फीमेल म्हणतात. मी पहिल्यांदा दुकानात 'फीमेल' मागितला तेव्हा काउंटरवरची पोरे एकमेकांकडे बघून हसली. आता मी पिनांचा जॅक, भोकांचा जॅक म्हणते. काम अडत नाही. अनेक यंत्रांचे घड्याळ एका यंत्रावर चालवायचे तर त्यांना मास्टर आणि स्लेव्ह म्हणत. नेटवर्कवरच्या कॅमेऱ्यांना एका तालात ठेवणाऱ्या आयट्रिपलई १५८८ या मानकात २०२२ साली त्याऐवजी 'टाइम ट्रान्समीटर' आणि 'टाइम रिसीव्हर' हे पर्यायी शब्द आले. नाव बदलून बाईच्या हाती मिक्सर येत नाही, हे मला कळते. तरी मालक-गुलाम म्हटल्याविना यंत्रे चालतात, एवढे त्यातून सिद्ध झाले!

आता लाइव्हकडे वळते, कारण इथे चूक झाली तर ती दुसऱ्या बाईला भोगावी लागते. व्हिडिओ मिक्सरवर दोन चित्रे दिसतात. 'प्रिव्ह्यू' म्हणजे पुढे दाखवायचे म्हणून तयार ठेवलेले. 'प्रोग्रॅम' म्हणजे लोक पाहताहेत ते. प्रोग्रॅममधल्या कॅमेऱ्यावर लाल दिवा लागतो, त्याला 'टॅली' म्हणतात. पीडित बाई बोलायला बसण्याआधी तिला हा दिवा दाखवा, त्याचा अर्थ सांगा. "शूटिंग आहे, चालेल ना?" एवढे विचारणे म्हणजे संमती नव्हे.

बलात्कार झालेल्या बाईची ओळख प्रसिद्ध करणे हा आपल्या कायद्यात गुन्हा आहे. १९८३ च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत २२८अ कलम आले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ७२ लागू आहे. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिची स्वतःची लेखी परवानगी असेल तर गोष्ट वेगळी. पण तोंडून निसटलेले गावाचे नाव लाइव्हमध्ये परत घेता येत नाही. "मोबाइलवर काही सेकंद उशिरा दिसतं, तेवढ्यात बंद करू," असे कुणी म्हणेल. तो उशीर वाटेतला असतो. आपल्याकडून निघाले ते निघाले. खरा 'डिले' म्हणजे प्रक्षेपण आपल्याच यंत्रात काही सेकंद अडवून मग सोडणे. ती सोय नसेल तर अशी साक्ष लाइव्ह करूच नका. रेकॉर्ड करा, तिला ऐकवा, मग ठरवा.

आणि पदराला लावलेला छोटा माईक! बाई मंचावरून उतरते, आडोशाला जाऊन रडते, मैत्रिणीला नवऱ्याचे नाव सांगते, आणि माईक सुरूच असतो. एकदा हेडफोनमध्ये मी हे ऐकले आहे. माझे बोट 'म्यूट'वर होते म्हणून बाहेर गेले नाही. त्या बोटाला दुसरे काम देऊ नका.

आता चहा घेऊ. नंतर ज्यांनी मिक्सरला कधीच हात लावलेला नाही त्यांनी आधी पुढे या. एकीने माईक धरायचा, दुसरीने गेन चढवायचा, शिट्टी येईपर्यंत. आज ती मुद्दाम वाजवायची आहे.