जुन्या मोटारीची बैठक

बारामतीजवळचे कन्हेरी हे गाव तेथील मारुतीमुळे पुष्कळांच्या परिचयाचे आहे. तेथून काही कोसांवर, इंदापूर तालुक्यात, वालचंदनगर वसलेले आहे. ज्यांच्या नावाने ही वसाहत ओळखली जाते, त्या शेठ वालचंद हिराचंद यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट व तिचेच नवे नाव धारण केलेली पद्मिनी अशा मोटारी घरोघर गेल्या. पद्मिनी टॅक्सीनेही २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला. आता ही वाहने उरली आहेत ती मुख्यतः हौशी कुटुंबांच्या आश्रयाने. आणि त्यांच्या बैठका बहुधा खचलेल्या असतात.

जुन्या धाटणीच्या बैठकीची रचना घरातील गादीहून निराळी असते. तळाशी पोलादी सांगाडा, त्यावर स्प्रिंगा, स्प्रिंगांवर ताणलेले गोणपाट, त्यावर काथ्याचा, कापसाचा किंवा फोमचा थर आणि सर्वांवर रेक्झिनची खोळ. यांपैकी गोणपाट सर्वांत स्वस्त. परंतु ते फाटले की स्प्रिंगांची टोके वरच्या थरात रुततात आणि महागातला फोमही थोड्याच काळात चिरला जातो.

फोमचे दोन प्रकार प्रसिद्ध आहेत. रबराच्या चिकाला फेस आणून केलेला फोम १९३० च्या सुमारास प्रचारात आला. पॉलियुरेथेनचे रसायन जर्मनीत ऑटो बायर यांनी १९३७ साली सिद्ध केले. त्याचा मऊ फोम १९५० नंतर सर्वत्र पसरला. हवा, ऊन व दमटपणा यांनी दोन्ही झिजतात. बोटाने दाबताच ज्याचा पिवळा भुगा होतो, त्या फोमला कोणताही उपाय चालत नाही. तो बदललाच पाहिजे.

चांगला कुशनवाला बैठक उलगडण्यापूर्वी तिची उंची मोजून ठेवतो. मग खोळीच्या तारेच्या कड्या काढून, शिवणी पात्याने उसवून, प्रत्येक तुकड्यावर खूण करतो; कारण तेच तुकडे नव्या कापडाचे साचे होतात. गंज खरवडून सांगाड्याला रंग देतो, तुटलेली स्प्रिंग बदलतो, नवे गोणपाट ताणतो. फोम खोळीच्या मापाहून किंचित मोठा कापतो, म्हणजे ती तणावात बसते. राहिलेल्या सुरकुत्यांना बाहेरून बेताची वाफ दिली की त्या निवळतात.

फोम निवडताना घनता व कठीणपणा यांची गल्लत होऊ नये. घनता म्हणजे एका घनमीटराचे वजन. त्यावर टिकाऊपणा पुष्कळसा अवलंबून असतो. कठीणपणा म्हणजे दाबास होणारा विरोध. टणक दिसणारा फोम टिकाऊ असेलच असे नाही.

आता खरा प्रश्न. घाईचा कारागीर स्प्रिंगा काढून टाकतो आणि त्यांच्या जागी फोमचा एक जाड ठोकळा बसवतो. काम झटपट होते, बैठकही नवी दिसते. परंतु तिची उंची बदलली, तर चालकाचे गुडघे चाकाला लागतात, डोके छताला टेकते व रस्त्याकडे पाहण्याची दृष्टिरेषा बिघडते. भंगारात गेलेला सांगाडा मग शोधूनही मिळत नाही. फोम केव्हाही विकत घेता येतो, तसा पन्नास वर्षांपूर्वीचा सांगाडा घेता येत नाही. यास्तव मालकाने काम सोपविण्यापूर्वीच दोन अटी घालाव्यात: काढलेली प्रत्येक वस्तू परत मिळावी, आणि मोजलेल्या उंचीत फरक पडू नये.

जे कुजले ते निःशंकपणे टाकावे आणि जे टिकले त्यास हात लावण्यापूर्वी दोनदा विचार करावा. ज्या बैठकीवर वडिलांनी कुटुंबाला पहिल्या प्रवासास नेले, ती बैठक नातवंडांच्या हाती सुस्थितीत जावी, एवढ्यासाठी हा विवेक पुरेसा आहे.