माइक खरंच गेला आहे का?



घरच्या फोनवर पलीकडचा आवाज नीट येतो, पण आपला तिकडे पोचत नाही. असं झालं की 'माइक गेला' म्हणून आपण मोकळे होतो आणि कधीकधी चांगला फोन भंगारात जातो. पण दोष तुटलेल्या तारेत किंवा धुळीनं बुजलेल्या छिद्रातही असू शकतो. म्हणून आधी माइक तपासावा.

दुकानदार ज्याला कंडेन्सर माइक म्हणतात, ती करंगळीच्या नखाएवढी गोल डबी असते. जेम्स वेस्ट आणि गेऱ्हार्ड सेसलर यांनी अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये १९६२ साली हा माइक तयार केला. त्यात दोन भाग महत्त्वाचे. एक, कायमचा विद्युतभार साठवलेला प्लॅस्टिकचा पातळ थर. आवाजानं पडदा हलला की त्यातून सूक्ष्म संकेत उमटतो. दुसरा, तो संकेत पुढे पोचवणारा ट्रान्झिस्टर. या ट्रान्झिस्टरला बाहेरून थोडी वीज लागते. ती मिळाली नाही, तर चांगला माइकही मुका राहतो.

आता चाचणी. माइक फोनपासून सोडवून घ्या. डबीच्या मागे दोन टोकं दिसतील. धातूच्या कवचाला जोडलेलं टोक ऋण, दुसरं धन. दोन पेन्सिल सेल जोडून तीन व्होल्ट मिळवा. सेलचं ऋण टोक माइकच्या ऋण टोकाला थेट जोडा. धन बाजूला मात्र मध्ये २.२ किलोओहमचा रेझिस्टर हवाच. मग मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून माइकच्या दोन टोकांमधला दाब मोजा.

पूर्ण तीन व्होल्ट दिसले, तर माइक आतून तुटलेला आहे. जवळजवळ शून्य दिसलं, तर आत शॉर्ट आहे. आकडा मधला, म्हणजे दीड-दोन व्होल्टच्या आसपास आला, तर ट्रान्झिस्टर शाबूत आहे.

पण इथेच थांबू नका. माइकवर हलकी फुंकर घाला. आकडा थरथरला तर पडदाही जिवंत आहे. तो ढिम्म राहिला, तर पडदा बिघडला असावा किंवा त्याचा विद्युतभार गेला असावा. डाग देताना सोल्डरिंगची कावी जास्त वेळ टेकवली तरी असं होतं. काही जण मीटर ओहमवर ठेवूनच फुंकर मारतात. पण काही डिजिटल मीटरचा दाब त्याला पुरत नाही आणि चांगला माइक नापास ठरतो.

हल्लीच्या मोबाइलमध्ये बहुधा सिलिकॉनचे चिमुकले माइक असतात. त्यांना ही चाचणी लागू नाही. पण लँडलाइन, इंटरकॉम, कॉलर माइक यांच्यासाठी ती उपयोगी आहे. या दोन्ही परीक्षांत माइक पास झाला, तर तो बदलू नका. दोष तारेत, जोडात किंवा वीजपुरवठ्यात शोधा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)