ताण : खाटेवरचा आणि खाटेशेजारचा

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या वैद्यकीय विभागातर्फे करण्यात आलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या अहवालात खाटांची नोंद होते, शस्त्रक्रियांची होते, दिलेल्या सवलतींचीही होते. रुग्णाच्या खाटेशेजारी रात्र जागून काढणाऱ्या आप्ताची नोंद मात्र कोणत्याही तक्त्यात नसते. आज आम्ही त्याच्याविषयी बोलणार आहोत. त्यामागे सहानुभूती तर आहेच. पण ताणतणावाविषयी झालेल्या संशोधनाचा आधारही आहे.

'ताण' हा शब्द वैद्यकशास्त्रात रुजवण्याचे मोठे श्रेय डॉ. हान्स सेल्ये यांना जाते. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात उंदरांवर प्रयोग करताना त्यांना आढळले की, कडाक्याची थंडी, शस्त्रक्रियेची इजा, अतिश्रम अथवा औषधांची विषारी मात्रा, यांपैकी कारण कोणतेही असले तरी शरीराचा प्रतिसाद पुष्कळसा एकसारखा असतो. अधिवृक्क ग्रंथी वाढतात, थायमस ग्रंथी आक्रसते, पचनमार्गात व्रण होतात. १९३६ साली 'नेचर' या नियतकालिकात त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

थोड्या वेळाचा ताण हा शत्रू नव्हे. संकटसमयी हृदयाची गती वाढते, स्नायूंना अधिक रक्त मिळते. ही तर निसर्गाने दिलेली ढालच होय. परंतु संकट महिनोन्महिने सरले नाही, तर कॉर्टिसॉलसारख्या संप्रेरकांचे संतुलन बिघडते आणि रोगप्रतिकारशक्ती क्षीण होऊ लागते.

याचे एक मर्मस्पर्शी प्रमाण अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९५ मध्ये 'लॅन्सेट'मधून मांडले. स्मृतिभ्रंश झालेल्या आप्ताची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि साधारण त्याच वयाच्या, तशाच आर्थिक स्थितीतील अन्य १३ स्त्रिया यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटीशी जखम करण्यात आली. शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांची जखम भरून येण्यास सरासरी सुमारे ९ दिवस अधिक लागले. अभ्यास लहान होता, हे खरे. तथापि दुसऱ्याची सेवा करणाऱ्याच्या देहावरही त्या सेवेचा भार उमटतो, हे त्याने दाखवून दिले.

मग हा भार हलका कशाने होतो? रॉकफेलर विद्यापीठातील जे वाइस यांच्या प्रयोगांत उंदरांना विजेचे सारखेच धक्के देण्यात आले. परंतु ज्यांना धक्क्याची पूर्वसूचना मिळत होती, त्यांना जठरव्रण कमी झाले. इंग्लंडमध्ये १९८५ साली लंडनच्या १०,३०८ सरकारी कर्मचाऱ्यांचा अभ्यास सुरू झाला. आपल्या कामावर स्वतःचे नियंत्रण नसणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण अधिक असल्याचे त्यातून दिसून आले. पुढे काय होणार याची कल्पना आणि थोडेतरी आपल्या हाती असल्याची जाणीव या दोन गोष्टी माणसाला सावरतात, असा या अभ्यासांचा मथितार्थ.

येथे एक सावधगिरीही हवी. जठरव्रणाचे मूळ काळजीतच आहे, असे दीर्घकाळ मानले जाई. पुढे डॉ. बॅरी मार्शल व डॉ. रॉबिन वॉरन यांनी बहुसंख्य व्रणांमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असल्याचे सिद्ध केले आणि त्यांना २००५ चे नोबेल पारितोषिक लाभले. तेव्हा "फार विचार केलास म्हणून आजारी पडलास," असे रुग्णाला कोणीही ऐकवू नये. दुखण्यावर दोषारोपाची भर घालणे हा उपचार नव्हे.

या साऱ्याचा आपल्या रुग्णालयाशी निकटचा संबंध आहे. अतिदक्षता विभागाच्या दाराशी बसलेल्या कुटुंबाला आत काय चालले आहे ते कळत नाही, खर्च किती येईल ते उमगत नाही आणि पाठ टेकायला जागा नसते. आजार आम्ही नेहमीच बरा करू शकू असे नाही. ही अनिश्चितता मात्र निश्चित कमी करता येईल.

म्हणून येत्या वर्षासाठी आम्ही विश्वस्त मंडळापुढे तीन गोष्टी ठेवल्या आहेत. पहिली, दररोज ठरलेल्या वेळी डॉक्टरांनी नातेवाइकांना सोप्या मराठीत रुग्णाची स्थिती सांगावी. दुसरी, दाखल होतानाच खर्चाचा लेखी अंदाज द्यावा आणि मदत कोठून मिळू शकेल, ते वैद्यकीय समाजसेवकाने समजावून सांगावे. तिसरी, आप्तांसाठी स्नानगृहासह विश्रांतिकक्ष उभारावा. पहिल्या दोहोंना पैसा फारसा लागत नाही, शिस्त लागते. तिसरीसाठी मात्र आपल्या दातृत्वाची गरज आहे.

यंत्रसामग्रीसाठी मिळालेल्या देणगीचे फळ डोळ्यांना दिसते. विश्रांतिकक्षाचे फळ तसे दिसणार नाही. तरीही रात्री चार तास निर्धास्त झोपलेली माता सकाळी डॉक्टरांचे म्हणणे नीट ऐकू शकेल, औषधांच्या वेळा सांभाळू शकेल आणि स्वतः आजारी पडण्याचा तिचा धोकाही कमी होईल. आप्तांना आमची एवढीच विनंती, की विचारण्यास संकोचू नका आणि आळीपाळीने विश्रांती घ्या. आपली प्रकृती सांभाळणे हाही रुग्णसेवेचाच भाग आहे.