गाडीतली दुसरी बॅटरी: आधी फ्यूज, मग दिवा

आज मी तंजावर जिल्ह्यातल्या ओरत्तनाडूहून बोलतोय. सरफोजीराजांच्या काळातलं मुक्तांबाळ छत्र याच गावात आहे. रामेश्वरच्या वाटेवरच्या यात्रेकरूंना तिथे जेवण आणि निवारा मिळायचा.

१६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे गज चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आलं आणि हा सगळा नारळाचा पट्टा आडवा झाला. झाडांबरोबर विजेचे खांबही पडले. कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. अशा वेळी घरात इन्सुलिन थंड ठेवायचं असतं, म्हाताऱ्या माणसाला पंखा हवा असतो, फोन चालू राहायला हवा असतो. दारात गाडी उभी असेल तर यातलं बरंच काही तिच्यावर भागतं. म्हणूनच हल्ली मला सारखं विचारतात, ‘साहेब, गाडीत दुसरी बॅटरी बसवू का?’

जरूर बसवा. सैन्यात रेडिओ संचांच्या गाड्यांना संचासाठी वेगळ्या बॅटऱ्या असतात. रात्रभर संच चालला तरी सकाळी इंजिन सुरू झालंच पाहिजे, हा त्यामागचा हिशेब. पण नीट न बसवलेली बॅटरी म्हणजे सीटखाली ठेवलेली आगपेटी.

‘बारा व्होल्टच तर आहेत, काय होणार?’ असं पुष्कळ जण म्हणतात. बारा व्होल्टचा शॉक लागत नाही, हे खरं. पण दोन टर्मिनलांवर पाना आडवा पडला तर त्यातून शेकडो अँपिअर वाहतात आणि पाना लाल होतो. हातात अंगठी असेल तर बोट भाजतं. तेव्हा काम सुरू करण्याआधी अंगठी, घड्याळ, कडं उतरवून ठेवा.

आता गरज मोजू. छोटा बारा व्होल्टचा फ्रीज दिवसाला साधारण ३६० वॉट-तास घेतो. वीस वॉटचा पंखा आठ तास चालला तर १६०. दिवे आणि फोन मिळून १२० धरा. एकूण ६४०, म्हणजे बारा व्होल्टला सुमारे ५३ अँपिअर-तास. शंभर अँपिअर-तासाची शिशाची बॅटरी अर्ध्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणून ती एक दिवसही जेमतेम पुरेल. त्याच मापाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी दीड दिवस पुरेल, आणि तिचं वजनही निम्म्याहून कमी.

घरच्या इन्व्हर्टरची पाणी भरायची बॅटरी गाडीत आणून ठेवू नका. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. हवेत तो चार टक्के झाला की एक ठिणगी पुरते. शिवाय वळणावर आम्ल सांडतं. माणसं बसतात तिथे सीलबंद बॅटरीच हवी, आणि तिला वायू बाहेर सोडायची नळी दिलेली असेल तर ती गाडीबाहेर काढा. लिथियम बॅटरी बॉनेटखाली नको. इंजिनाची उष्णता आणि त्यावर इथला मे महिना, दोन्ही तिला सोसत नाहीत.

बॅटरी घट्ट बांधा. प्लॅस्टिकची पट्टी किंवा सुतळी चालणार नाही. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी आदळून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर तीस किलोची बॅटरी सुमारे सहाशे किलोच्या जोराने पुढे झेपावते. लोखंडी ट्रे, वरून पट्टी, आणि गाडीच्या पत्र्यातून आरपार बोल्ट. मात्र भोक पाडण्याआधी खाली वाकून पाहा, तिथून डिझेलची नळी किंवा ब्रेकची लाइन जात असेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, फ्यूज. फ्यूज उपकरणासाठी नसतो, तो वायरीसाठी असतो. त्यामुळे तो वायरीच्या सुरुवातीला, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा. दोन बॅटऱ्यांमधल्या वायरीला दोन्ही टोकांकडून वीज येते, म्हणून तिला फ्यूजही दोन. मी एक गाडी पाहिली होती, तिचा एकुलता एक फ्यूज मागच्या टोकाला होता. मधे सीटच्या रुळावर घासून वायर सोलली. फ्यूज शाबूत राहिला आणि सीट जळाली. नशिबाने आत कुणी नव्हतं. लिथियमसाठी मोठा शॉर्ट-सर्किट करंट तोडू शकणारा फ्यूज घ्या, काचेचा स्वस्त नको. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट लावा आणि वायरीवर जाळीची नळी चढवा.

वायर जाड घ्या. जाऊन-येऊन दहा मीटर वायर आणि २५ अँपिअर करंट असेल, तर चार चौरस मिलिमीटरच्या वायरीत एक व्होल्टहून जास्त वाया जातो. दहाच्या वायरीत अर्ध्याहून कमी. थिंबल हत्याराने दाबून बसवा, हातोड्याने नाही. अशा वायरीला ४० अँपिअरचा फ्यूज ठीक.

चार्जिंगसाठी नुसत्या रिलेवर विसंबू नका. बीएस-सहाच्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरचा व्होल्टेज कमी-जास्त होत राहतो, आणि लिथियम बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढून अल्टरनेटर तापवते. डीसी-डीसी चार्जर मर्यादा घालतो, आणि इंजिन बंद असताना दोन बॅटऱ्या वेगळ्या ठेवतो. वीस अँपिअरच्या चार्जरने तीन तासांच्या प्रवासात आपले ५३ अँपिअर-तास भरून निघतात. बंद गॅरेजात मात्र इंजिन चालू ठेवून चार्ज करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

काम सुरू करताना गाडीच्या बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढा आणि जोडताना ते शेवटी लावा. गाडीचा सगळा पत्रा निगेटिव्ह असतो. निगेटिव्ह काढून ठेवलं असेल, तर पॉझिटिव्हवरचा पाना पत्र्याला लागला तरी काही होत नाही. फ्यूज सगळ्यात शेवटी घाला. नंतर तासभर पूर्ण लोड चालवून प्रत्येक जोडाजवळ हात न्या. जो जोड तापला तो सैल आहे. वॉरंटी आणि विम्याच्या अटी मात्र काम सुरू करण्याआधीच वाचून घ्या.

हे काम स्वतः करायची हौस नसेल तर मेकॅनिककडून करून घ्या, पण गाडी ताब्यात घेताना त्याला तीन गोष्टी विचारा. फ्यूज कुठे आहे? किती अँपिअरचा आहे? वायर किती जाडीची आहे? आणि ज्यांच्या गाडीत दुसरी बॅटरी आधीच आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर टॉर्च घेऊन पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वायरीवर एक वीत मोजावी. तेवढ्यात फ्यूज दिसला नाही, तर ती वायर तिथेच सोडवून ठेवा. फ्यूज बसेपर्यंत एक रात्र पंखा नसला तरी चालेल.