स्वस्त संगणक आणि त्याची खरी किंमत

(येलहंका येथे मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी निधीतून महाराष्ट्रातील एखाद्या खेड्यातील शाळेस लहान व स्वस्त संगणक भेट द्यावेत, असा विचार कार्यकारिणीपुढे आहे. त्याविषयी चार शब्द बोलावेत अशी आम्हांस आज्ञा झाली. आम्ही कला शाखेचे पदवीधर. यंत्राचे पोट उघडून पाहण्याची विद्या आम्हांस नाही. परंतु केंद्र सरकारच्या सेवेत खरेदीच्या नस्त्या हाताळण्यात आयुष्याची बरीच वर्षे गेली. त्यामुळे वस्तूचा दर आणि वस्तूची किंमत यांतील अंतर थोडेबहुत कळते. ते अंतर हाच आजचा विषय होय.

प्रथम एक कबुली दिली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका शाळेसाठी दहा संगणक घेण्याच्या नस्तीवर आमची सही झाली. सर्वांत कमी दराची निविदा, नियमानुसार मंजुरी, मुदतीत पुरवठा. लेखापरीक्षणात एक अक्षरही निघाले नाही. तीन वर्षांनी त्या बाजूस जाणे झाले, म्हणून शाळेत डोकावलो. दहाही यंत्रे कापडी आच्छादनाखाली स्वस्थ बसली होती. गावात वीज दिवसाकाठी काही तास. वीज साठविणाऱ्या बॅटऱ्या पहिल्या वर्षातच निकामी झालेल्या, आणि नव्यांसाठी कोणत्याही शीर्षाखाली तरतूद नाही. मुख्याध्यापकांनी तक्रार केली नाही. उलट, “साहेब, सगळे जपून ठेवले आहेत,” असे त्यांनी मोठ्या समाधानाने सांगितले. एखाद्या ठपक्याने वाटले नसते इतके वाईट आम्हांस त्या वाक्याने वाटले.

त्यानंतर आम्ही या विषयाकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागलो, आणि ध्यानात आले की या प्रश्नाचा विचार आपल्या बंगळुरातच फार आधी झाला होता. भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन व व्ही. विनय हे प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअरचे विनय देशपांडे प्रभृतींनी ‘सिंप्युटर’ची कल्पना मांडली. १९९९ साली त्यासाठी विश्वस्त संस्था स्थापन झाली आणि २००१ मध्ये यंत्राचा नमुना लोकांसमोर आला. तळहातावर मावणारे, लहान बॅटऱ्यांवर चालणारे, भारतीय भाषांत बोलून दाखविणारे हे यंत्र सुमारे ९ हजार रुपयांत द्यावे, असा संकल्प होता. प्रत्येकाने यंत्र घ्यावे असेही नव्हते. गावाने एक घ्यावे आणि ज्याने त्याने आपली माहिती साठविलेले स्मार्ट कार्ड खिशात बाळगावे. २००४ साली त्याची ‘अमिडा’ ही आवृत्ती भारत इलेक्ट्रॉनिक्सने तयार केली, म्हणजे येलहंकापासून हाकेच्या अंतरावरील जालहळ्ळीच्या कारखान्याचेच हे नाव. विक्री मात्र काही हजारांपलीकडे गेली नाही. पुढे मोबाइल फोन स्वस्त झाला आणि सिंप्युटरची जागा त्याने घेतली. कल्पना चुकली असे आम्ही म्हणणार नाही. तिला गिऱ्हाईक मिळण्याआधी काळ पुढे सरकला.

त्याच सुमारास अमेरिकेत निकोलस नेग्रोपोंटे यांनी ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ ही योजना मांडली. शंभर डॉलरचे यंत्र, अशी तिची ख्याती. प्रत्यक्षात २००७ मध्ये उत्पादन सुरू झाले तेव्हा किंमत जवळजवळ दुप्पट पडली. तरीही त्या ‘एक्सओ’ यंत्राची रचना अभ्यासण्याजोगी होती. फिरती तबकडी नाही, पंखा नाही. पडदा असा की पाठीमागचा दिवा बंद करूनही भर उन्हात वाचता यावा. जुन्या नळीच्या पडद्याचा टेबलावरील संगणक शंभराहून अधिक वॅट खातो. हे यंत्र दोन ते पाच वॅटांत भागवी. वीस मुलांची वीस यंत्रे मिळून एका जुन्या शंभर वॅटच्या दिव्याइतकी वीज! भारतात तर गुरांच्या फेऱ्यांवर जुन्या मोटारीचा डायनामो फिरवून ती चालविण्याचाही प्रयोग झाला.

आपल्या केंद्रीय मानव संसाधन विकास मंत्रालयाने २००६ साली ही योजना नाकारली होती. आधी वर्गखोल्या आणि शिक्षक, असा त्याचा रोख होता, आणि तो अगदीच चुकीचा म्हणवत नाही. तथापि २००७ च्या उत्तरार्धात रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैराट येथील एकशिक्षकी शाळेत हा प्रयोग सुरू झाला. पहिली ते चौथीची मुले सारी मिळून वीस-बावीस. विशेष असे की, यंत्रे वाटून मंडळी परतली नाहीत. योजनेच्या वतीने आलेल्या शिक्षणतज्ज्ञाने काही आठवडे त्या शाळेत बसून शिक्षकाची आणि मुलांची तयारी करून घेतली.

याच्या उलट बाजूही पाहावी. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने हीच यंत्रे लाखोंनी घेतली. तेथील ३१९ ग्रामीण शाळांच्या पाहणीचा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. मुलांच्या सर्वसाधारण आकलनशक्तीत थोडी वाढ दिसली. परंतु गणित आणि भाषा यांतील गुणांत फरक आढळला नाही. आपल्याकडे ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत ‘आकाश’ टॅब्लेटचे प्रकाशन झाले. सरकारला तो सुमारे सव्वादोन हजार रुपयांस पडणार होता. दर ऐकून जगाने माना डोलावल्या. हाती घेतल्यावर संथ गती आणि लवकर संपणारी बॅटरी यांच्या तक्रारी आल्या. सुधारित आवृत्ती २०१२ च्या नोव्हेंबरात निघाली, पण पहिल्या अनुभवाचा डाग सहजी गेला नाही.

तर मग आपण काय करावे? यंत्रे देऊच नयेत, असे आमचे म्हणणे नाही. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा घरात एकही यंत्र नसलेल्या मुलाचे शिक्षण कसे थांबते, हे आपण सर्वांनी पाहिले. आमची सूचना एवढीच की, वीस यंत्रांचा पैसा जमला असेल तर दहाच घ्यावीत. उरलेली अर्धी रक्कम पाच वर्षांसाठी बँकेत ठेवावी आणि तिच्यातून बॅटऱ्या, दुरुस्ती व शिक्षकाचे प्रशिक्षण यांचा खर्च करावा. निवड करताना दराआधी चार गोष्टी विचाराव्यात: वीज किती लागते, बॅटरी गावच्या माणसाला बदलता येते काय, तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्ती होते काय, आणि मुलाला त्यावर मराठीत लिहिता येते काय. यांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी असेल, तर सर्वांत कमी दराची निविदा हीच सर्वांत महाग समजावी.

शेवटी एक विनंती. उन्हाळ्यात गावी जाणारे आपल्यांत पुष्कळ आहेत, पण तेव्हा शाळेला कुलूप असते. म्हणून दरवर्षी जुलै महिन्यात, ऐन पावसात, वीज सर्वांत जास्त जाते तेव्हा, मंडळाच्या एका सभासदाने त्या शाळेत जाऊन यावे. पहिल्या वर्षी आम्ही स्वखर्चाने जाऊ. यंत्रांवर आच्छादने दिसली, तर तसे कार्यकारिणीस लेखी कळवू. आणि मुलांच्या बोटांनी कळफलकावरची अक्षरे पुसट झालेली दिसली, तर तेही कळवू.