नवा लॅपटॉप घेण्याआधी: कर्जतचा थांबा आणि रखडणारं व्हर्च्युअल मशीन

लोकलमध्ये ऐकत असाल तर आवाज थोडा वाढवा, कारण आजचा एपिसोड कदाचित तुमचे पन्नास-पंचावन्न हजार रुपये वाचवेल. माझ्या मामांचे वाचले. आणि खरं सांगायचं तर ते जाणार होते तेही माझ्यामुळेच.

झालं असं, माझा मामेभाऊ बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घर पवन मावळात, भाताची शेती. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी त्याला उबंटूवर क्यूईएमयू वापरून फ्रीबीएसडीचं व्हर्च्युअल मशीन चालवायचं होतं. म्हणजे एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर. त्याचा फोन आला, "ताई, नुसतं बूट व्हायला अकरा मिनिटं लागतात गं!" लॅपटॉप सेकंडहँड, आठ जीबी रॅमचा. मी मीटिंगच्या गडबडीत होते. काही न बघता म्हणाले, "जुना झालाय रे, नवा घे."

चार दिवसांनी मामांचा फोन. "अगं, इंद्रायणीची पोती काढलीत विकायला. भाव पडलाय, पण पोराचं अडायला नको. कुठला लॅपटॉप घेऊ तेवढं सांग."

पोटात गोळाच आला. म्हटलं, "मामा, रविवारपर्यंत थांबा."

रविवारी शिवाजीनगरहून लोणावळा लोकल पकडली, कामशेतला उतरले आणि तिथून पवनानगरच्या बाजूला. लॅपटॉप उघडला, टर्मिनलमध्ये 'डीमेसेज' टाकलं आणि केव्हीएम शब्द शोधला. उत्तर समोरच होतं: 'डिसेबल्ड बाय बायोस'. म्हणजे प्रोसेसरमध्ये सोय होती, फक्त बायोसमध्ये बंद करून ठेवलेली.

ही सोय नेमकी काय, ते सांगते. मी लोणावळ्याची, त्यामुळे उदाहरण घाटाचंच.

सोय बंद असेल तर क्यूईएमयूला गेस्टची प्रत्येक सूचना सॉफ्टवेअरमध्ये भाषांतर करून चालवावी लागते. म्हणजे अख्खा बोरघाट पायी चढायचा. पोहोचता, पण कधी?

इंटेलने 2005 मध्ये व्हीटी-एक्स आणलं, 2006 मध्ये एएमडीने एएमडी-व्ही. आता गेस्टचा कोड थेट प्रोसेसरवर धावू लागला. एव्ही किव्हिटी या इंजिनीअरने सुरू केलेलं केव्हीएम फेब्रुवारी 2007 मध्ये लिनक्स 2.6.20 बरोबर कर्नलमध्ये आलं, ते याच सोयीवर उभं आहे. म्हणजे आपण आता पायी नाही, गाडीत बसलो.

पण मुंबईहून लोणावळ्याला येताना गाडी कर्जतला थांबते, आठवतं? वडा खायला वेळ मिळतो तो त्यामुळेच. मागे बँकर इंजिन लागतं, मग घाट चढायचा. व्हर्च्युअल मशीनमध्ये अशा थांब्याला 'व्हीएम एक्झिट' म्हणतात. गेस्टला डिस्क, नेटवर्क असं काही हवं असलं की प्रोसेसर त्याला थांबवून हायपरवायझरकडे जातो, काम करून परत येतो. एका थांब्यात प्रोसेसरच्या हजारभर किंवा जास्त सायकल जातात. एकदा ठीक आहे. सेकंदाला लाखभर वेळा झालं तर गाडी कर्जतलाच.

सुरुवातीला तर गेस्टने मेमरीच्या पेज टेबलला हात लावला तरी थांबा व्हायचा. पुढे प्रोसेसरमध्येच दुसऱ्या पातळीची पेज टेबल्स आली. इंटेल त्याला ईपीटी म्हणतं. मुंबई-सोलापूर वंदे भारत 2023 मध्ये सुरू झाली, ती बँकर न लावता घाट चढते, कारण मोटारी तिच्या डब्यांखालीच आहेत. तसंच हे. फ्रीबीएसडीचा स्वतःचा हायपरवायझर, बीहाइव्ह, 2014 च्या जानेवारीत 10.0 बरोबर आला. त्याने तर इंटेलच्या मशीनवर ईपीटी नसेल तर चालायचंच नाही असं ठरवलं. ओपनबीएसडीत व्हीएमएम आहे, नेटबीएसडीत 9.0 पासून, म्हणजे 2020 पासून, एनव्हीएमएम. घरं वेगळी, पण पाया एकच: प्रोसेसरची ती सोय.

तर मी बायोसमध्ये जाऊन 'इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी' चालू केलं. एएमडीवाल्यांनो, तुमच्याकडे त्याचं नाव 'एसव्हीएम' असेल. अकरा मिनिटांचं बूट एका मिनिटाच्या आत आलं. भाऊ माझ्याकडे बघतच राहिला.

तरी पॅकेज टाकताना रखडत होतं. बघितलं तर डिस्क आणि नेटवर्क कार्ड जुन्या हार्डवेअरची नक्कल करणारं. गेस्ट बिचारा खरं कार्ड समजून एकेक रजिस्टर ढोसतोय आणि दरवेळी थांबा. उपाय व्हर्टआयओ. रस्टी रसेल यांनी लिनक्ससाठी मांडलेली ही पद्धत. गेस्टला माहीत असतं की आपण व्हर्च्युअल आहोत. तो कामं एका सामायिक रांगेत ठेवतो आणि एकदाच निरोप देतो. गावात प्रत्येकाने आपली किटली घेऊन डेअरीपर्यंत जाण्याऐवजी एकच टेम्पो सगळ्यांचं दूध नेतो, तसं.

इथे एक खड्डा आहे, मी त्यात पडले. डिस्क व्हर्टआयओ केली आणि फ्रीबीएसडी बूटच होईना! डिस्कचं नाव 'एडीए झिरो'वरून 'व्हीटीबीडी झिरो' झालं होतं आणि एफएसटॅबमध्ये जुनंच. आधी ती ओळ बदला, मग डिस्क.

तिसरी गोष्ट रॅम. भावाने आठपैकी सहा जीबी गेस्टला दिली होती. होस्ट उपाशी, सगळं स्वॅपवर. दोन जीबी दिली, दोघंही सुखी.

मग जुन्या लॅपटॉपवर सगळंच धावतं का? नाही. मोठं कंपाइल अजून रेंगाळतं, आणि चार मशीन एकदम चालवायची तर आठ जीबी पुरणार नाही. ती मर्यादा खरी आहे. पण त्याचं काम होत होतं, आणि प्रोजेक्ट वेळेत जमा झाला.

मामांना सांगितलं, नवा नको. ते हसले, पोती परत आत ठेवली. तीन मात्र मी पोहोचायच्या आधीच पडत्या भावात गेली होती. त्यावर ते काहीच बोलले नाहीत, म्हणून मला जास्तच लागलं.

आपण आयटीवाले "नवा घे" फार पटकन म्हणतो. समोरच्या घरात ते वाक्य कुठपर्यंत जातं, ते आपल्याला दिसत नाही. म्हणून यापुढे कोणी विचारलं, तर आधी तीन प्रश्न: बायोसमध्ये सोय चालू आहे का? डिस्क-नेटवर्क व्हर्टआयओ आहे का? रॅम कोणाला किती दिलीय? उत्तरं बघा, आणि मगच सल्ला द्या.

तुमचं मशीन अडलं असेल तर व्हॉइस नोट पाठवा. यावेळी बघूनच उत्तर देईन, शब्द देते. चला, भेटू पुढच्या एपिसोडला!